बीएससी ते एमएससी केमिस्ट्री: नक्की बदलतं काय?

नमस्कार! केमिस्ट्री घेऊन बीएससीला जाताय, किंवा बीएससी संपत आलीय आणि एमएससी करावं का, हा विचार चाललाय? मग बसा. सिलॅबस वाचून दाखवत नाही, तो कुठेही मिळतो.

बीएससीचं एक प्रॅक्टिकल घेऊ. ॲस्पिरिन. सॅलिसिलिक ॲसिड, ॲसेटिक अनहायड्राइड, फॉस्फोरिक ॲसिडचे काही थेंब. गरम करा, गार करा. क्रिस्टल येत नसले तर काचेच्या कांडीनं फ्लास्क आतून घासा, खरंच येतात! मग फेरिक क्लोराइड. जांभळा रंग दिसला की समजायचं, सॅलिसिलिक ॲसिड उरलंय.

आता मेल्टिंग पॉइंट. पुस्तकात 135 अंशांच्या आसपास, तुमचा आला 126 ते 131. जर्नलमध्ये 135 ठोकून द्यायचा मोह होतो. नका देऊ. खाली घसरलेलं, पसरलेलं रीडिंग सांगतंय की माल अशुद्ध आहे. कामाची गोष्ट तीच आहे आणि तीच आपण खोडतो.

कारण बीएससीत उत्तर आधीच ठाऊक असतं. एमएससीच्या प्रोजेक्टला ते नसतं. फ्लास्कमध्ये एक पांढरी पावडर आहे, आणि ती काय आहे हे जगात कुणी तुम्हाला सांगणार नाही.

[स्क्रीनवर एनएमआर स्पेक्ट्रम]

हे बघा. एनएमआर म्हणजे रेणूतले हायड्रोजन कसे जोडलेत ते पीक्समधून दाखवणारा आलेख. 1.26 पीपीएमला ट्रिप्लेट (तीन टोकांचा पीक), 2.05 ला सिंगलेट (एका टोकाचा), 4.12 ला क्वार्टेट (चार टोकांचा). नवा विद्यार्थी धावत जातो, ‘सर, इथाइल ग्रुप लागला!’ लागलेला नसतो. कॉलमला, म्हणजे माल शुद्ध करताना, सॉल्व्हंट म्हणून वापरलेलं इथाइल ॲसिटेट आहे ते, व्हॅक्यूमवर नीट सुकवलं नाही म्हणून राहिलं. आणि 7.26 चा पीक? तो सॅम्पल ज्यात विरघळवलं त्या क्लोरोफॉर्मचा, तुमचा नाही. सॉल्व्हंटच्या पीक्सचा तक्ता टेबलासमोर चिकटवून ठेवा, बरीच फजिती वाचेल.

ऑरगॅनिक पाठ करून बीएससी निघते, हे खरं आहे. पण एस्टरवर ग्रिन्यार (कार्बन-मॅग्नेशियमचा रिएजंट) टाकला तर कीटोनवर न थांबता थेट टर्शरी अल्कोहोल का मिळतं? मधला कीटोन एस्टरपेक्षा जास्त रिॲक्टिव्ह असतो, दुसरा ग्रिन्यार त्याला लगेच गाठतो. हे कळलं की पाठांतर निम्मं होतं. मेकॅनिझममध्ये, म्हणजे रिॲक्शन टप्प्याटप्प्यानं कशी होते ते दाखवताना, बाण नेहमी इलेक्ट्रॉनपासून काढा. प्रोटॉनपासून काढणारे एमएससीतही भेटतात!

आणि ‘केमिस्ट्री घेतली, गणितातून सुटलो’ म्हणणाऱ्यांनो, सुटला नाहीत. इलेक्ट्रॉनचं वागणं सांगणारं श्रोडिंगर समीकरण हायड्रोजनसाठी नेमकं सुटतं. हेलियममध्ये एकच इलेक्ट्रॉन वाढतो, तर अंदाजी पद्धतींवर यावं लागतं. ह्युकेल थिअरीत (पाय इलेक्ट्रॉनची ऊर्जा काढायची सोपी पद्धत) बेंझिनला सहा बाय सहाचा डिटर्मिनंट. मॅट्रिक्स आत्ताच पक्कं करा. इनऑरगॅनिकचा स्वतंत्र व्हिडिओ करू, त्यातली ग्रुप थिअरी, म्हणजे रेणूंच्या सममितीचं गणित, दोन मिनिटांत उरकणं पाप आहे.

शेवटचं, लॅब निवडताना. गाईडचे पेपर सगळेच बघतात. तुम्ही तिथल्या सीनिअरला एकट्याला गाठा आणि विचारा: एनएमआरला सॅम्पल दिलं की स्पेक्ट्रम कधी मिळतो? मशीनवर स्वतः बसू देतात का? आणि रिॲक्शन महिनाभर चालली नाही, तर ग्रुप मीटिंगमध्ये काय होतं? या तिसऱ्या प्रश्नावर तो आधी इकडेतिकडे बघायला लागला, तर दुसरी लॅबही बघून ठेवा.