उपकारांचा हिशेब : अमेरिका, फ्रान्स आणि मित्रराष्ट्रांची भांडणे

इराकवरील युद्धाला २००३ साली फ्रान्सचा विरोध होता तसा जर्मनीचाही होता. जर्मनीचे चॅन्सलर गेरहार्ड श्रोडर यांनी तर आदल्या वर्षीच्या निवडणूक प्रचारात हा विरोध उघडपणे मांडला होता आणि निवडणूक जिंकलीही होती. तरीसुद्धा ११ मार्च २००३ रोजी वॉशिंग्टनमधल्या प्रतिनिधिगृहाच्या उपाहारगृहात ज्या पदार्थाचे नव्याने बारसे झाले, तो होता ‘फ्रेंच फ्राइज’. बॉब ने आणि वॉल्टर जोन्स या दोन प्रतिनिधींच्या पुढाकाराने बटाट्याच्या त्या तळलेल्या फोडी ‘फ्रीडम फ्राइज’ झाल्या. मूळ कल्पना जोन्स यांच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या एका हॉटेलमालकाची होती. हा पदार्थ आमचा नव्हे, बेल्जियमचा, एवढीच आठवण फ्रेंच वकिलातीने करून दिली. फ्रेंच वाइनच्या बाटल्या कॅमेऱ्यांसमोर गटारात ओतल्या गेल्या, आणि ‘फ्रेंचेस’ नावाने मोहरीची चटणी विकणाऱ्या कंपनीला आपल्या नावाचा फ्रान्सशी काही संबंध नाही, ते एका आडनावावरून पडले आहे, असा जाहीर खुलासा करावा लागला. गॅलपच्या पाहणीत फ्रान्सविषयी अनुकूल मत देणारे अमेरिकन फेब्रुवारी २००२मध्ये ७९ टक्के होते; मार्च २००३मध्ये ते ३४ टक्क्यांवर आले. जर्मन सॉसेजला मात्र कोणी हात लावला नाही.

एकाच गुन्ह्याबद्दल दोघांपैकी एकालाच शिक्षा का झाली, या प्रश्नापासून आज आपण सुरुवात करू. सर्वांना सुचणारे उत्तर असे की, फ्रान्सपाशी सुरक्षा परिषदेतला नकाराधिकार होता आणि तो वापरण्याची तयारी अध्यक्ष जाक शिराक यांनी १० मार्चला दूरचित्रवाणीवरून बोलून दाखवली होती. हे उत्तर बरोबर असले तरी अपुरे आहे, कारण नकाराधिकार रशियापाशीही होता. दुसरे उत्तर अमेरिकेच्या अंतर्गत राजकारणात सापडते आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. आपले पूर्वज जर्मन होते असे जनगणनेत सांगणारे अमेरिकन त्या वेळी चार कोटींहून अधिक होते. आयरिश आणि इटालियन वंशाच्या मतदारांच्या भावना तर न्यूयॉर्क किंवा बॉस्टनमधला कोणताही पुढारी सहसा दुखावत नाही. फ्रेंच वंशाचे लोक त्या मानाने कमी. लुइझियानातले केजन किंवा मेन राज्यातले फ्रेंच-कॅनडियन यांचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी कॅनडाकडून आलेले असल्यामुळे, पॅरिसच्या सरकारवर कोणी टीका केली म्हणून त्यांना आपला अपमान झाला असे वाटत नाही. थोडक्यात, फ्रेंचांची टिंगल केल्याने अमेरिकेत एकही मत जात नाही. उलट, काही मते मिळतात. २००४च्या अध्यक्षीय निवडणुकीत जॉन केरी यांना उत्तम फ्रेंच येते, ही गोष्ट त्यांच्या विरोधकांनी एखादे व्यंग दाखवावे तशी दाखवली. बेंजामिन फ्रँकलिन आणि थॉमस जेफरसन यांच्यापासून अमेरिकेतल्या सुशिक्षित, सधन वर्गाला पॅरिसची ओढ राहिली आहे. म्हणूनच फ्रान्सवर ओढलेला कोरडा पुष्कळदा आपल्याच देशातल्या या वर्गाच्या पाठीवर बसावा असा हेतू असतो.

तिसरे उत्तर मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि ते आहे उपकारांचे. ‘आम्ही तुम्हाला दोनदा वाचवले आणि तुम्ही आमच्याशी असे वागता?’ हे वाक्य २००३मध्ये अमेरिकेत असंख्य तोंडी होते. जर्मनीला हे वाक्य ऐकवता येत नाही, कारण तिला कोणी वाचवले नव्हते, हरवले होते.

गंमत अशी की, उपकारांचे हे बिल पहिल्यांदा फ्रान्सने अमेरिकेपुढे ठेवले होते. ६ फेब्रुवारी १७७८ रोजी सोळाव्या लुईच्या सरकारने ब्रिटनविरुद्ध उठलेल्या बंडखोर अमेरिकन वसाहतींशी युतीचा तह केला. पैसा, दारूगोळा, सैन्य आणि आरमार असे सर्व काही दिले. ५ सप्टेंबर १७८१ रोजी चेसापीक उपसागराच्या मुखाशी ॲडमिरल द ग्रास याने इंग्रजी आरमाराला मागे रेटले नसते, तर यॉर्कटाउनला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस कोंडला गेला नसता. हाच कॉर्नवॉलिस पुढे हिंदुस्थानात गव्हर्नर जनरल म्हणून आला आणि १७९० ते १७९२च्या युद्धात टिपूविरुद्ध मराठ्यांचा साथीदार झाला. यॉर्कटाउनच्या वेढ्यात सैनिक आणि खलाशी मिळून मोजले तर फ्रेंचांची संख्या अमेरिकनांपेक्षा अधिक भरते. या युद्धाच्या कर्जाने फ्रेंच राजाची तिजोरी खचली आणि १७८९च्या क्रांतीला जी कारणे घडली त्यांत हे एक ठरले.

पुढे १७९३मध्ये क्रांतिकारी फ्रान्सचे ब्रिटनशी युद्ध जुंपले, तेव्हा फिलाडेल्फियात वाद पेटला की, आता अमेरिकेने ऋण फेडायला उभे राहावे की नाही. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी २२ एप्रिलला तटस्थता जाहीर केली आणि अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी ‘पॅसिफिकस’ या टोपणनावाने लेख लिहून तिचे समर्थन केले. त्यांचा युक्तिवाद असा होता की, कृतज्ञता हा व्यक्तीचा गुण आहे, राष्ट्राच्या धोरणाचा पाया नव्हे. फ्रान्सने मदत केली ती ब्रिटनला दुबळे करण्यासाठी, म्हणजे स्वतःच्या हितासाठी. या युक्तिवादात खोट काढणे कठीण आहे. फक्त तो एकाच बाजूने वापरता येत नाही, एवढे लक्षात ठेवले पाहिजे. त्याच सुमारास आलेल्या एदमाँ जने या फ्रेंच वकिलाने अमेरिकन बंदरांत परस्पर लुटारू जहाजे सज्ज करायला घेतली, तेव्हा वॉशिंग्टननी त्याला परत बोलावण्याची मागणी केली. पण परत गेल्यास त्याची मान गिलोटिनखाली जाईल हे दिसताच त्याला आश्रयही त्यांनीच दिला. तो न्यूयॉर्कच्या गव्हर्नरचा जावई झाला आणि शेतीवाडी करून तिथेच राहिला. दोन्ही देशांत १७९८ ते १८०० अशी दोन वर्षे अघोषित सागरी युद्ध चालले आणि १८००च्या कराराने १७७८ची युती संपली.

आता विसाव्या शतकाकडे येऊ. फ्रेंचांवर भित्रेपणाचा जो शिक्का मारला जातो तो १९४०च्या पराभवाचा आहे. पहिल्या महायुद्धात त्या देशाचे सुमारे तेरा लाख सैनिक मेले, ही गोष्ट विनोद करणाऱ्यांच्या खिजगणतीतही नसते. दुसऱ्या महायुद्धाची आठवण मात्र दोन्ही देशांत दोन वेगळ्या गोष्टींची आहे. अमेरिकन माणसाला आठवतो नॉर्मंडीचा किनारा आणि कोलव्हिल येथील नऊ हजारांहून अधिक थडगी. जर्मनांविरुद्ध लढत राहिलेल्या फ्रेंचांचे नेते आणि पुढे फ्रान्सचे अध्यक्ष झालेले शार्ल द गोल यांना आठवत असे ते वेगळे. रूझवेल्ट यांनी जर्मनांपुढे नमलेल्या व्हिशी सरकारकडे ॲडमिरल लेही यांना राजदूत म्हणून पाठवले. द गोल यांच्याऐवजी जनरल जिरो यांना पुढे करून पाहिले. नॉर्मंडीत उतरणाऱ्या सैनिकांच्या खिशात अमेरिकेत छापलेल्या फ्रँकच्या नोटा दिल्या. दुसऱ्याने आपल्या देशाचे चलन छापावे हे द गोल यांना इतके झोंबले की, त्यांनी त्या नोटांना खोटा पैसा म्हटले. २५ ऑगस्ट १९४४ला पॅरिस मुक्त झाले, पण त्यांच्या हंगामी सरकारला वॉशिंग्टनची मान्यता मिळायला २३ ऑक्टोबर उजाडला.

सुएझचे प्रकरण मी थोडक्यात सांगतो. १९५६मध्ये ब्रिटन आणि फ्रान्स इस्रायलशी संगनमत करून इजिप्तवर चालून गेले. आयझेनहॉवर यांनी पौंडाचा गळा आवळला आणि मोहीम आठवडाभरात थांबली. महत्त्वाचे आहे ते दोघांनी घेतलेले धडे. लंडनने ठरवले की, यापुढे अमेरिकेपासून फटकून चालायचे नाही. पॅरिसने ठरवले की, यापुढे अमेरिकेवर विसंबायचे नाही, आणि १३ फेब्रुवारी १९६० रोजी सहारातल्या रेगान येथे फ्रान्सने आपला पहिला अणुस्फोट केला. १९६२च्या अखेरीस ब्रिटनने अमेरिकेची पोलारिस क्षेपणास्त्रे घेतली, तेव्हा ब्रिटन हे अमेरिकेच्या ताटाखालचे मांजर आहे अशी द गोल यांची खात्रीच पटली, आणि जानेवारीत त्यांनी त्याला युरोपीय बाजारपेठेचे दार बंद केले.

७ मार्च १९६६ला द गोल यांनी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांना पत्र पाठवून फ्रान्स नाटोच्या एकत्रित लष्करी व्यवस्थेतून बाहेर पडत असल्याचे कळवले आणि परकीय सैन्याने १ एप्रिल १९६७पर्यंत देश सोडावा असे बजावले. पॅरिसच्या पोर्त दोफीन भागात नाटोसाठी खास बांधलेल्या इमारतीत आज विद्यापीठ भरते. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डीन रस्क यांनी द गोल यांना विचारले, ‘फ्रान्समध्ये पुरलेले अमेरिकन सैनिकही आम्ही घेऊन जायचे का?’ उपकारांचे बिल इतक्या उघडपणे क्वचितच कोणी पुढे केले असेल. पण जॉन्सन यांनी स्वतः त्रागा केला नाही, हे विसरू नये. आणि फ्रान्सनेही युतीचा मूळ करार सोडला नव्हता, सोडली होती ती अमेरिकन सेनापतीच्या हाताखालची जागा.

हा फरक किती खरा होता ते चार वर्षांपूर्वीच दिसले होते. २२ ऑक्टोबर १९६२ रोजी अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री डीन ॲचिसन क्युबातल्या रशियन क्षेपणास्त्रांची छायाचित्रे घेऊन द गोल यांच्याकडे गेले. द गोल यांनी पहिल्यांदा एवढेच विचारले की, तुम्ही माझा सल्ला घ्यायला आला आहात की निर्णय कळवायला. कळवायला, असे उत्तर मिळाले. तेव्हा, युद्ध झाले तर फ्रान्स तुमच्या बाजूला असेल, असे त्यांनी सांगून टाकले. पुरावा पाहण्याची गरज नाही, अमेरिकेसारखे मोठे राष्ट्र शंका असताना असे पाऊल उचलणार नाही, असेही म्हणाले. छायाचित्रे त्यांनी त्यानंतर पाहिली, आणि इतक्या उंचीवरून इतका बारकावा टिपलेला पाहून त्यांच्यातला जुना सैनिक थक्क झाला.

५ फेब्रुवारी २००३ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी, इराकपाशी महासंहारक शस्त्रे असल्याचा पुरावा म्हणून, सुरक्षा परिषदेत उपग्रहांची छायाचित्रे दाखवली. या वेळी पुरावा आधी आला, आणि फ्रान्सने तो मानला नाही. नऊ दिवसांनी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री दॉमिनिक द व्हिलपँ यांनी इराकमधल्या शस्त्रांच्या तपासनीसांना वेळ द्या असे आवाहन केले, तेव्हा त्या सभागृहात सहसा न होणारा टाळ्यांचा कडकडाट झाला. या दोन प्रसंगांत फ्रान्स बदलला होता असे मला वाटत नाही. बदलला होता तो धोक्याचा अंदाज आणि सांगणाऱ्यावरचा विश्वास. मधल्या काळात ११ सप्टेंबर घडले होते, ‘आपण सारे अमेरिकन आहोत’ असा मथळा पॅरिसच्या ‘ल माँद’ने दिला होता आणि अफगाणिस्तानात फ्रेंच सैनिक गेले होते. इराकमध्ये ती शस्त्रे सापडली नाहीत. वॉल्टर जोन्स यांना युद्धाच्या बाजूने दिलेल्या आपल्या मताचा पुढे पश्चात्ताप झाला, मेलेल्या सैनिकांच्या घरच्यांना ते हजारो पत्रे लिहीत राहिले, आणि २००६मध्ये उपाहारगृहाच्या फलकावर जुने नाव गाजावाजा न करता परत आले. २००९मध्ये अध्यक्ष सार्कोझी यांनी फ्रान्सला नाटोच्या लष्करी व्यवस्थेत परत नेले, अण्वस्त्रे मात्र बाहेर ठेवून.

शेवटचा प्रसंग अलीकडचा आहे. १५ सप्टेंबर २०२१ रोजी अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया यांनी ऑकस हा संरक्षण करार जाहीर केला, ज्यातून ऑस्ट्रेलियाला अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुड्या मिळायच्या होत्या, आणि ऑस्ट्रेलियाने फ्रान्सच्या नेव्हल ग्रुपकडून घ्यायच्या बारा पाणबुड्यांचा सौदा मोडला. याच कंपनीच्या आराखड्यावर आपल्या मुंबईत, माझगाव गोदीत, कलवरी वर्गाच्या सहा पाणबुड्या बांधल्या गेल्या, त्यामुळे हे नाव आपल्यापैकी काहींच्या कानावरून गेलेले असेल. फ्रान्सने वॉशिंग्टनहून राजदूताला परत बोलावले, जे आजवर कधीच झाले नव्हते. परराष्ट्रमंत्री ल द्रियाँ यांनी पाठीत सुरा खुपसल्याचा आरोप केला. पण आठवडाभरातच बायडन आणि माक्राँ यांच्या संयुक्त निवेदनात, आधी मोकळेपणाने बोलणे झाले असते तर बरे झाले असते, हे मान्य करण्यात आले आणि आफ्रिकेतल्या साहेल प्रदेशात लढणाऱ्या फ्रेंच सैन्याला अमेरिकेचा पाठिंबा वाढवण्याचे ठरले. या भांडणात अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या फ्रेंच सरदार लाफाएतचे किंवा नॉर्मंडीचे नाव कोणी काढले तरी वाटाघाटीच्या टेबलावर ते आले नाही. तिथे साहेल होते, युरोपच्या संरक्षणाचा प्रश्न होता आणि बुडालेला धंदा होता. राजदूत कामावर परतले, ऑक्टोबरअखेर रोममध्ये बायडन यांनी आमचे वागणे धसमुसळेपणाचे झाले अशी कबुली दिली, आणि पुढच्या जूनमध्ये ऑस्ट्रेलियाने नेव्हल ग्रुपला ५५ कोटी ५० लाख युरो देण्याचे मान्य केले.