अठरा पेन्सची कवटी

नमस्कार मंडळी. साल १८३३, महिना नोव्हेंबर. उरुग्वेमध्ये सारांदी नावाच्या ओढ्याकाठी एका शेतघरात राक्षसाची हाडं पडली आहेत, असं चोवीस वर्षांच्या एका इंग्रज तरुणाच्या कानावर आलं. घोड्यावर टांग टाकून तो तिथे गेला आणि अठरा पेन्स मोजून एक भली मोठी कवटी घेऊन आला. तरुणाचं नाव चार्ल्स डार्विन. कवटी सापडली तेव्हा धड होती म्हणे, पण पोरांनी तिच्यावर दगडांनी नेमबाजी केली आणि दात पाडले. पोरं सगळीकडची सारखीच!

लंडनला शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी ती कवटी तपासली. दात धनुष्यासारखे वाकलेले, म्हणून नाव ठेवलं टॉक्सोडॉन. अंग गेंड्याएवढं, दातांची धाटणी उंदीर-घुशींची, आणि डोळे, कान, नाकपुड्यांची जागा बघावी तर पाण्यातल्या समुद्रगाईसारखी. पुढे पॅटागोनियात, म्हणजे खंडाच्या दक्षिण टोकाकडच्या भागात, सान हुलियानला डार्विनला आणखी एक सांगाडा मिळाला, तो मॅक्रॉकेनियाचा. उंटासारखी लांब मान, पायाला तीन बोटं आणि नाकपुड्या थेट कपाळावर! ओवेन यांना त्यात उंटाचं आणि लामाचं, म्हणजे उंटाच्या तिथल्या भावाचं, नातं दिसलं.

असे प्राणी आले कुठून? दक्षिण अमेरिका कोट्यवधी वर्षं चहूबाजूंनी पाण्याने वेढलेली होती. पनामाची जमीन जोडली गेली ती सुमारे तीस लाख वर्षांपूर्वी. तोवर तिथल्या खुरी प्राण्यांचा संसार स्वतंत्र चालला होता. त्यांच्यातल्या थोआथेरियमचंच बघा. आकाराने लहानखुरं, पण पायाला घोड्यासारखा एकच खूर. बाजूच्या बोटांचे अवशेष तर घोड्याच्याही पायात जास्त शिल्लक आहेत. अर्जेंटिनाचे जीवाश्मतज्ज्ञ फ्लोरेंतिनो अमेगिनो दुकान चालवून संशोधन करत, आणि भाऊ कार्लोस पॅटागोनियातून त्यांना हाडं पाठवत. फ्लोरेंतिनोंचं काम अफाट, पण असे पाय पाहून त्यांनी ठरवलं की घोड्यांचे पूर्वज इथलेच. इथे मात्र ते फसले. उघड्या माळावर धावायचं म्हटलं की वेगवेगळ्या कुळांचे पायही सारखे होत जातात.

म्हणजे हाड खोटं बोलत नाही, पण आपल्याला चकवतं. हे प्राणी नेमके कोणाच्या कुळातले, हा घोळ दीडशेहून अधिक वर्षं चालला. डीएनए मिळवायचे प्रयत्न झाले, पण उष्ण, दमट हवेत तो टिकत नाही. शेवटी २०१५ साली शास्त्रज्ञ हाडातल्या कोलॅजेनकडे वळले. हे प्रथिन चिवट, डीएनए विरून गेला तरी मागे उरतं. ते ज्यांच्या साखळीने बनतं त्या अमिनो आम्लांचा क्रम लावून इतर सस्तन प्राण्यांशी ताडून पाहिला. उत्तर आलं: टॉक्सोडॉन आणि मॅक्रॉकेनिया हे दोघेही घोडा, गेंडा आणि टॅपिर (आखूड सोंडेचा, डुकरासारखा दिसणारा प्राणी) यांचे भाऊबंद. उंटाचा संबंध नाही. २०१७ साली चिलीच्या दक्षिणेकडच्या एका गुहेतल्या हाडातून मॅक्रॉकेनियाचा डीएनएही मिळाला आणि त्याने याला दुजोरा दिला. ही वाट घोड्यांच्या वाटेपासून सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी फुटली. सह्याद्रीचा काळा पाषाण ज्या लाव्हारसातून झाला, तो साधारण त्याच सुमारास आपल्याकडे वाहत होता.

गंमत पुढेच आहे. त्याच खंडात हत्तीसारखे सुळे असलेला पायरोथेरियम होता, ॲस्ट्रापोथेरियम होता. ही कुळं कोट्यवधी वर्षांपूर्वीच संपली, त्यामुळे त्यांच्या हाडांत वाचता येईल असं कोलॅजेन उरलेलं नाही. त्यांच्यासाठी अजून जुनीच रीत: दात बघा, घोटा बघा, ताडा.

आणि त्या रीतीचंही एक कौतुक आहे. ती कवटी मिळण्याच्या थोडं आधी डार्विनला अर्जेंटिनातल्या एका नदीकाठी एकच सुटा दात सापडला होता, कवटीच्या जागेपासून जवळजवळ तीनशे किलोमीटरवर. पोरांनी रिकाम्या केलेल्या एका खोबणीत तो नेमका बसला.