झोईची मान

इस्तंबूल. आया सोफिया, एकेकाळचं बायझंटाईन साम्राज्याचं मोठं चर्च. त्याचा दक्षिणेकडचा सज्जा. खिडकीलगतच्या भिंतीवर काचेचे बारीक तुकडे जडवून केलेलं चित्र, म्हणजे मोझेक. मधोमध ख्रिस्त बसला आहे. एका बाजूला सम्राट, हातात देवासाठी आणलेली पैशांची थैली. दुसऱ्या बाजूला अकराव्या शतकातली बायझंटाईन सम्राज्ञी झोई, हातात दानपत्राची गुंडाळी.

शतकानुशतकं हे सगळं चुन्याच्या गिलाव्याखाली होतं. १९३०च्या दशकात अमेरिकन अभ्यासक थॉमस व्हिटमोर यांच्या पथकानं ते मोकळं केलं.

असं चित्र समोर आलं की आपण आधी चेहरा बघतो. कलेचा अभ्यासक इथं आधी मान बघतो. मानेपाशी सांधा आहे. त्याच्या वर काचेच्या तुकड्यांची ठेवणच बदलते. तिघांचीही डोकी नंतर बसवलेली आहेत! सम्राटाच्या नावाची अक्षरंही जुनं नाव काढून त्या जागेत दाटीवाटीनं कोंबलेली. नाव आहे कॉन्स्टन्टाइन मोनोमाखोस, झोईचा तिसरा नवरा, लग्न १०४२ सालचं. पहिला नवरा रोमानोस, दुसरा नवरा मायकेल. नवरा बदलला तरी अंगरखा तोच, थैली तीच. काटकसर म्हणा हवं तर.

पण मग झोईचं डोकं कशाला बदलायचं?

त्याच वर्षी एप्रिलमध्ये तिचा दत्तक मुलगा, सम्राट मायकेल पाचवा, यानं तिचे केस कापून तिला जोगीण केलं आणि बेटावर धाडलं. राजधानी, म्हणजे आजचं इस्तंबूल, खवळली. कधी उंबरठ्याबाहेर न पडलेल्या बायकाही रस्त्यावर आल्या. मायकेलचे डोळे काढले गेले आणि झोई व तिची धाकटी बहीण थिओडोरा, दोघी मिळून राज्य करू लागल्या. मायकेलच्या त्या थोड्या दिवसांत झोईचा चेहरा फोडला गेला असावा, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. मला तो पटतो, पण ख्रिस्ताचं डोकं का बदललं, हे त्यातून नीट उलगडत नाही.

नवा चेहरा बसला तेव्हा झोईनं साठी ओलांडली होती. भिंतीवरची झोई तरुण आहे. खुशामत? असेलही. पण दरबारातला इतिहासकार सेल्लोस लिहितो, सत्तरीतही तिच्या तोंडावर सुरकुती नव्हती. तिच्या महालात शेगड्या धगधगत असत आणि भर उन्हाळ्यातही ती तिथं अत्तरं बनवत बसे.

तिच्या आधी याच सिंहासनावर आयरीन होती. ७९७ ते ८०२, एकटीनं राज्य. तिच्या सोन्याच्या नाण्याची एक बाजू बघा: आयरीन. उलटून बघा: पुन्हा आयरीन.

झोईला तेवढी मोकळीक नव्हती. भिंतीवर तिच्या हातातल्या गुंडाळीवरही नवऱ्याचंच नाव आहे. तेही खोडून लिहिलेलं.