खुर्ची करकरते हे मला कुणी सांगितलंच नाही

नमस्कार मंडळी. विषय मिळालाय ‘उतारवयातला आनंद आणि बदलाचा स्वीकार’. विषय केवढा आणि वेळ केवढा, आणि खरं सांगायचं तर त्यातली एकच गोष्ट मला धड माहीत आहे, ती म्हणजे माझे कान. तेव्हा कानांबद्दलच बोलतो. नाहीतरी रेडिओवर दुसऱ्या कशाबद्दल बोलणार.

झालं काय, की सहा-सात वर्षांपूर्वी अख्खं जग तोंडातल्या तोंडात बोलायला लागलं. घरचे, शेजारचे, बातम्या देणारे, सगळे. मी यावर भाषणंसुद्धा द्यायचो, हल्लीच्या लोकांचे उच्चार कसे बिघडलेत वगैरे. लेक म्हणायची, बाबा, एकदा कान तपासून घ्या. मी म्हणायचो, आधी तू नीट बोल.

मग एका संध्याकाळी ही आतून ओरडली, ‘अहो, फाटक लावा.’ मी म्हटलं वा, आज मूड दिसतोय, आणि नाटक लावलं. चांगलं मोठ्या आवाजात. फाटक उघडं ते उघडंच, आणि अर्ध्या तासाने कुणाचा तरी कुत्रा आत येऊन माझ्या शेजारी बसून दुसरा अंक ऐकत होता. त्या दिवशी घरात जे बोलणं झालं ते मात्र मला अगदी स्वच्छ ऐकू आलं.

आता हे असं का होतं? आतल्या कानात बारीक केसांसारख्या पेशी असतात, जन्माला येताना एकेका कानात 15,000 च्या आसपास, आणि माणसात त्या एकदा गेल्या की परत उगवत नाहीत. आणि वयाबरोबर बारीक, वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात. पुन्हा सांगतो, बारीक आवाज आधी जातात, जाडे नंतर. म्हणजे स, श, फ, त असली अक्षरं पुसट होतात आणि आ, ओ शाबूत राहतात. त्यामुळे कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. फाटकातला फ गेला, उरलं आटक, आणि सुरुवातीचं अक्षर डोक्याने आपल्या आवडीचं जोडलं. म्हणून म्हणतो, अशा माणसावर ओरडू नका, समोर येऊन जरा सावकाश बोला. ओरडून उपयोग नाही, समोर या.

साठीच्या पुढे चारातल्या एकाहून जास्त लोकांचं ऐकणं बऱ्यापैकी गेलेलं असतं, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तरी आपण लाजतो. चष्म्याला कसं आपल्या भाषेने चाळिशी असं गोड नाव दिलंय, ‘चाळिशी लागली’ म्हणताना कुणी मान खाली घालत नाही. कानाच्या मशीनला असं नाव कुणी देईना. आणि ते ‘वय म्हणजे फक्त आकडा’ म्हणणारे लोक, त्यांचा मला भयंकर राग येतो. रक्तदाब पण आकडाच असतो ना! औषधाच्या बाटल्यांवर तारीख मुंगीएवढ्या अक्षरात छापणारेही यांच्यातलेच असावेत. असो.

तर मशीन बसवलं. घरी आलो, माझ्या खुर्चीत बसलो, आणि कर्रर्र. उठलो, कर्रर्र. मी विचारलं, ही खुर्ची कधीपासून वाजते? लेक म्हणाली, सहा वर्षं झाली बाबा. सहा वर्षं! रोज रात्री मी त्यात डुलत होतो आणि बाकीचे दात-ओठ खात झोपत होते. म्हणजे बदल कधीचा घरात येऊन बसला होता, मलाच तेवढा पत्ता नव्हता. पहिले काही आठवडे तर नकोसं झालं, पेपरची पानं सुपासारखी वाजायची, स्वतःच्या चपला फरफटताना ऐकू यायच्या. डोक्याला सवय व्हायला वेळ लागतो, मशीन पहिल्या आठवड्यात कपाटात टाकू नका. आठवडे लागतात, दिवस नाही.

तो पियानोवाला आर्थर रुबिनस्टाईन, 1976 साली शेवटचा कार्यक्रम केला तेव्हा 89 वर्षांचा होता. म्हातारपणी एवढं चांगलं कसं वाजवता विचारलं तर म्हणे, कमी रचना वाजवतो, त्याच जास्त घोटतो, आणि वेगवान भाग आला की त्याच्या आधी जरा हळू होतो म्हणजे पुढचं वेगवान वाटतं. अशी लबाडी मला फार आवडते.

पण मला सांगायचं होतं ते वेगळंच. एकदा पहाटे जाग आली, मशीन लावलं, खुर्चीत येऊन बसलो, आणि आतून सूर ऐकू आले. ही गुणगुणत होती. शब्द नाहीत, नुसती चाल, वर चढायची आणि मध्येच सुटायची. लग्नाला 41 वर्षं झाली मंडळी. पहिल्याच वर्षी ती अशी गुणगुणत होती आणि मी हसलो होतो. काही बोललो नव्हतो, नुसता हसलो होतो. त्यानंतर माझ्यासमोर तिने सूर काढलाच नाही, मला वाटायचं हिला गाण्याचं अंगच नाही. आणि माझे कान गेले तशी तिने परत सुरुवात केली असणार, सहा वर्षं मी चार हातांवर बसलेलो आणि ती बिनधास्त गातेय.

मी काही बोललो नाही. आंघोळीनंतर मशीन लावतो असा तिचा समज आहे, तो तसाच राहू दिला. रोज पहाटे लवकर उठतो, हळूच बसतो. खुर्ची वाजली तर तिला कळेल म्हणून परवा सांध्यांत तेल घातलं. सगळ्यांना केवढं कौतुक, बाबांना अखेर आमची दया आली.

आता हे मी रेडिओवर बोलून बसलोय आणि आमच्याकडे रेडिओ तीच लावते. अगं, ऐकत असशील तर उद्यापासून पहाटे मशीन डबीतच ठेवतो. निदान तसं म्हणतो तरी. नमस्कार.