नवोदयची परीक्षा आणि कोयत्याचा हंगाम

गुरुजनहो, तुम्ही दरवर्षी नवोदयचे फॉर्म भरता, त्यामुळे परीक्षेची ओळख करून देत बसत नाही. केंद्र सरकारची ही निवासी शाळा निघाली कशासाठी, तेवढं आठवू या. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचं म्हणणं होतं की हुशार पोराला उत्तम शाळा मिळावी, मग बापाची ऐपत असो वा नसो. पहिल्या दोन शाळा सुरू झाल्या त्या हरियाणात झज्जरला आणि आपल्या अमरावतीला. दर शाळेत सहावीला जास्तीत जास्त ८० जागा. किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांसाठी, एक तृतीयांश मुलींसाठी. राहणं, जेवण, पुस्तकं, गणवेश, सगळं सरकारचं. नववीत काही मुलं वर्षभर दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयमध्ये जातात. मला ही योजना मनापासून आवडते.

पेपर दोन तासांचा, प्रश्न ८०. त्यातले ४० बुद्धिमत्तेचे, म्हणजे १०० पैकी निम्मे गुण आकृत्यांवर. आकृती आरशात कशी दिसेल, हा प्रश्न मी एकदा वर्गात दिला. पोरं बोटांनी हवेत रेघा ओढत बसली. एका मुलीने कागद उचलला, खिडकीच्या उजेडाकडे धरला आणि मागच्या बाजूने पाहिलं. आरशातली आकृती तिला तिथे तयारच मिळाली. तिला हे कुणीही शिकवलं नव्हतं. त्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला.

तिचे आई-वडील ऊसतोडीला जाणारे. मुकादमाची, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ पैसे) घेतलेली, त्यामुळे थांबणं शक्य नव्हतं. दिवाळी झाली आणि कोयता, म्हणजे ऊसतोडीचं जोडपं, निघाला, धाकट्या भावाला सांभाळायला तीही गेली. त्या वर्षी परीक्षा जानेवारीत होती. तेव्हा साखर कारखाने ऐन भरात असतात. तिचं हॉल तिकीट माझ्या टेबलाच्या खणात राहिलं.

आणि ही परीक्षा पाचवीत, आयुष्यात एकदाच देता येते. पुन्हा बसता येत नाही. एकदाच संधी देणाऱ्या परीक्षेची तारीख नेमकी या हंगामात येते, हे मला आजही पटत नाही. बुद्धी शोधायची तर ती पोरं घरी असतात तेव्हा शोधायला हवी. तारीख आपल्या हातात नाही, मान्य. पण पोरगी गावात थांबवणं काही अंशी आहे. आई-बाप ऊसतोडीला गेले की मुलांना गावातच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहाची योजना आहे, तिचा प्रस्ताव वेळेत पाठवा. टोळी हलायच्या आधी, दसऱ्यालाच, पालकांच्या घरी जाऊन बसा. वडिलांशी बोलून काम होत नाही. आजीशी बोला, कारण पोर सांभाळणार ती. मी हल्ली फॉर्म भरतानाच आजीला शाळेत बोलावतो, परीक्षेची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने खूण करून तिच्या हातात देतो. गेल्या हंगामात दोन मुली थांबल्या.