वाई पाहावी पायी

नमस्कार श्रोतेहो.

पुण्याहून महाबळेश्वरला निघालेल्या कितीतरी गाड्या सुरूर फाट्यावर महामार्ग सोडतात आणि वाईत थांबतात. ढोल्या गणपतीचं दर्शन होतं, घाटावर एखादा फोटो निघतो, चहा होतो आणि गाडी पसरणीच्या घाटाला लागते. अर्ध्या-पाऊण तासात वाई झाली, असं मंडळी समजतात. आज मला तुम्हाला कळकळीनं एवढंच सांगायचं आहे की, पुढच्या वेळी गाडी गावाबाहेर उभी करा, एक मुक्काम टाका आणि हे गाव पायी फिरा. आसपासची गावं सायकलनं पाहा. कारण वाईचं तोंड रस्त्याकडे नाहीच, ते नदीकडे आहे. बाजारपेठेतून जाणाऱ्याला घरांच्या आणि देवळांच्या पाठी दिसतात. दर्शनी बाजू पाहायची, तर पायऱ्या उतरून कृष्णेच्या काठाला जावं लागतं.

वाईत नदीकाठानं सात घाट आहेत. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी आणि भीमकुंड आळी. नावांवरूनच कळतं की, घाट आळीचा असतो. ज्या आळीचा घाट, त्या आळीचा उत्सव. माघापासून पुढे उन्हाळ्यापर्यंत एकेका घाटावर आळीपाळीनं कृष्णाबाईचा उत्सव होतो. नदीलाच इथे कृष्णाबाई म्हणतात. घाटावर मांडव पडतो, देवीची मूर्ती येऊन बसते, पूजा, कीर्तन, प्रसादाच्या पंगती होतात आणि मग पाळी येते पुढच्या आळीची. या उत्सवाचं मूळ वाईकर 1659 सालात नेतात. अफझलखान आदिलशाही फौज घेऊन आला तो वाईलाच तळ देऊन राहिला होता. वाई पूर्वी त्याच्याच सुभ्यात होती, मुलूख त्याच्या पायाखालचा होता. शिवाजी महाराजांना यश मिळू दे, तुझा उत्सव करू, असा नवस त्या वेळी कृष्णामाईला बोलला गेला, अशी इथली परंपरा सांगते. नदीला नवस बोलावा आणि तो आळीआळीनं वाटून घेऊन पिढ्यान् पिढ्या फेडत राहावं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, गंगापुरीपासून चालायला सुरुवात करा. काळ्या दगडाच्या पायऱ्या आहेत, मधोमध झिजून गुळगुळीत झालेल्या. चप्पल जपून टाका, शेवाळ असतं. कुठे छोटी घुमटी, कुठे पारावरचा पिंपळ, कुठे भिंतीत बसवलेली जुनी शिळा. एका घाटावरून दुसऱ्यावर जाताना मधे बोळात शिरावं लागतं. दोन्ही अंगांना वाड्यांच्या उंच भिंती, खाली दगड, वर पांढऱ्या मातीचं किंवा विटांचं काम, एखाद्या दारावर अजून टिकलेली कोरीव गणेशपट्टी. अशा बोळात सायकलसुद्धा हातात धरूनच न्यावी लागते. आणि तेच बरं, कारण दारात बसलेल्या आजींशी दोन शब्द बोलणं होतं. एखाद्या देवळाचा रस्ता विचारलात, तर नुसता रस्ता सांगून त्या थांबत नाहीत, देऊळ कोणी बांधलं तिथपासून सुरुवात करतात.

बहुतेक देवळं बांधली रास्त्यांनी. रास्ते हे पेशवाईतले मोठे सरदार. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई याच घराण्यातल्या. गणपती घाटावरचं महागणपतीचं देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी 1762 मध्ये बांधलं. मूर्ती अखंड दगडाची आणि एवढी भव्य, की लोकांनी तिला ढोल्या गणपती हे प्रेमाचं नाव दिलं. दर्शन तर सगळेच घेतात. माझी विनंती अशी की, दर्शन झाल्यावर लगेच परत फिरू नका, देवळाला वळसा घाला आणि मागची भिंत पाहा. ती सरळ नाही. दोन्ही बाजूंनी निमुळती होत जाऊन मधे तिची धार झाली आहे. माशासारखी, म्हणून तिला मत्स्याकार म्हणतात. देऊळ नदीच्या पात्राला लागून आहे. पूर आला की लोंढा थेट मागच्या भिंतीवर आदळणार, हे बांधणाऱ्याला ठाऊक होतं. पाण्याला छाती काढून अडवण्यापेक्षा त्यानं पाण्याला दोन वाटा करून दिल्या. धारेवर पाणी दुभंगतं आणि देवळाच्या दोन्ही अंगांनी निघून जातं. आजही धोम धरणातून विसर्ग वाढला की नदीचं पाणी देवळात शिरतं, बातम्यांत आपण ते पाहतो. पण अडीचशेहून अधिक पावसाळे काढून देऊळ उभं आहे. हात लावून पाहा त्या भिंतीला. आपल्याकडच्या स्थापत्याबद्दल आपण अभिमानानं बोलतो, पण अभिमान नेमका कशाचा बाळगायचा हे अशा ठिकाणी बोटानं दाखवता येतं.

जवळच काशीविश्वेश्वराचं देऊळ आहे, तेही रास्त्यांचंच. त्याच्यासमोरचा नंदी काळ्या पाषाणाचा, अंगावरच्या घंटांच्या माळा आणि झूल इतक्या बारकाईनं कोरलेल्या, की लहान मुलं हमखास त्यावरून हात फिरवतात. तिथे थोडं टेका.

मग परत गंगापुरीकडे या, कारण वाईचं दुसरं धन तिथे आहे. ते दगडाचं नाही. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे स्वामी केवलानंद सरस्वती, यांची प्राज्ञपाठशाळा, म्हणजे संस्कृत शास्त्रांची शाळा, इथली. मीमांसाकोशासारखं प्रचंड काम या छोट्या गावात बसून झालं. धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरहून एक मुलगा इथे शिकायला आला आणि वाईचाच झाला. ते तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. मराठी विश्वकोशाचे ते प्रमुख संपादक झाले आणि विश्वकोशाचं कार्यालय मुंबई-पुण्यात न होता वाईत झालं. पहिला खंड 1976 साली निघाला, पुढे वीस खंड झाले. ज्या मराठी माणसानं शाळेच्या ग्रंथालयात ते जाडजूड खंड उघडले असतील, त्यानं या गावातून जाताना क्षणभर थांबावं असं मला मनापासून वाटतं.

आणि चालण्याचा विषय निघालाच आहे, तर विनोबांची आठवण काढायला हवी. गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन ते 1917 मध्ये नारायणशास्त्र्यांकडे शिकायला वाईला आले होते. उपनिषदं, गीता, ब्रह्मसूत्रं यांचा अभ्यास झाला आणि मग ते महाराष्ट्रात पायी हिंडले. सुमारे 400 मैल. रायगड, सिंहगड, तोरणा असे गड पाहिले, गावोगाव गीतेवर बोलले. पुढे भूदानासाठी सारा देश ज्यांनी पायांखाली घातला, त्यांच्या चालण्याचा एक आरंभ या बाजूला आहे.

आता सायकल काढू या. वाईच्या पश्चिमेला कृष्णेचं खोरं पसरलंय. उगवतीला पाठ करून नदीच्या वरच्या अंगाला निघालात, की तीनेक किलोमीटरवर मेणवली. रस्ता जवळपास सपाट. दोन्हीकडे ऊस, हळदीची शेतं. डोंगर चहूबाजूंनी दिसत राहतात. पांडवगड ओळखायला सोपा, त्याचा माथा दुरूनही चुकत नाही. चार-साडेचार वर्षांच्या मुलाला पुढे बसवूनसुद्धा हे अंतर आरामात होतं. फक्त गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात, एकामागे दोन-दोन ट्रॉल्या. त्यांना वाट द्या, बाजूला उतरून उभे राहा. घाई कशाची आहे?

मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा आहे. नानांचा जन्म साताऱ्यातला, 1742 सालचा. राज्याचा कारभार पुण्यात बसून चालवणाऱ्या या माणसानं आपल्या विसाव्याची जागा इथे, नदीच्या वळणावर निवडली. वाड्याला चौकांमागून चौक आहेत, भिंतींवर जुनी चित्रं आहेत, रंग फिके झाले तरी रेषा बोलतात. नानांचं मोठं दप्तर याच वाड्यात सापडलं. मेणवली दप्तर म्हणून इतिहासाचे अभ्यासक ते ओळखतात. भिंतींना टेकू नका, चित्रांवर हात फिरवू नका, हे सांगायची वेळ यायला नको, पण येते.

वाड्याच्या मागून पायऱ्या उतरल्या की चंद्रकोरीसारखा वळलेला घाट. मेणेश्वराचं आणि विष्णूचं देऊळ. आणि एका छोट्याशा घुमटीत टांगलेली एक घंटा. हिच्याजवळ अगदी जवळ जाऊन उभे राहा. घंटेवर बाळ येशूला कडेवर घेतलेली मेरी आहे आणि 1707 हे साल आहे. ही चर्चची घंटा. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा तिथल्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठी मुलखात आल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरावरची अशीच, भीमाशंकरलाही एक आहे. त्यातली ही मेणवलीची. समुद्रकाठच्या लढाईची ही निशाणी सह्याद्रीच्या आत, महादेवाच्या शेजारी लटकते आहे आणि मेरीची आकृती कुणी घासून काढलेली नाही. ती जशीच्या तशी राहू दिली, याचं मला प्रत्येक वेळी बरं वाटतं. आकृती पाहायची तर सकाळचं तिरपं ऊन हवं, दुपारी उंचवटे नीट दिसत नाहीत.

पलीकडच्या भोगावात वामनपंडितांची समाधी आहे. यथार्थदीपिका या गीतेवरच्या टीकेचे कर्ते, श्लोकांसाठी मराठीत ज्यांचं नाव आधी घ्यावं असे कवी. समाधीपाशी फारसं कुणी नसतं.

मेणवलीहून पुढे पाच-सहा किलोमीटरवर धोम. धरणाच्या खालच्या अंगाला जुनं गाव, तिथे नृसिंहाचं आणि महादेवाचं देऊळ. महादेवासमोर कमळाच्या आकाराचं दगडी कुंड आहे, कुंडात कासव आणि कासवाच्या पाठीवर नंदीचा मंडप. कुंड पाण्यानं भरलेलं असलं की कासव नंदीला घेऊन तरंगत असल्यासारखं वाटतं. ही कल्पना ज्या कारागिराला सुचली, त्याला साष्टांग नमस्कार करावा.

ज्यांचे पाय तयार आहेत, त्यांच्यासाठी पसरणी घाट आहे. पाचगणीपर्यंत बारा किलोमीटरच्या आसपास, चढ साडेपाचशे मीटरांचा. पायथ्याचं पसरणी हे शाहीर साबळ्यांचं जन्मगाव. पण शनिवार-रविवारी घाटात पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते, तेव्हा सायकल घालू नका. मधल्या वारी, पहाटे निघा, उतरताना ब्रेक जपा.

एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. घाटाच्या पायऱ्यांना चाकं लावून गाड्या धुतल्या जातात, निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीसकट पाण्यात सोडलं जातं. उन्हाळ्यात पाणी कमी झालं की ते सगळं वर येतं. हे करणारे बाहेरून आलेलेही असतात आणि गावातलेही. आपण पाहुणे म्हणून गेलो, तर निदान आपला कचरा आपल्या पिशवीत परत आणू या.

पुण्याहून स्वारगेटवरून वाईला एसटी आहे, साताऱ्याहून तर सारख्या गाड्या असतात. सायकल आपली आपण न्यावी हे उत्तम. उन्हाळा कडक होण्याआधी, माघ-फाल्गुनात गेलात, तर कुठल्या ना कुठल्या घाटावर कृष्णाबाई बसलेली असेल. कोणत्या आळीची पाळी आहे, ते स्टँडवर उतरल्याबरोबर चहावाल्याला विचारा आणि आधी तिकडे जा. नमस्कार.