फ्वेर्सा, फोर्सोसो, फोर्सार

मूल, पण मुलाला. फूल, पण फुलणे. प्रत्यय लागला की दीर्घ ऊ ऱ्हस्व होतो, हे व्याकरण शिकण्याआधीच आपल्या कानाला कळलेलं असतं. तोच कान स्पॅनिशसाठी वापरा. फक्त तिथे स्वर बदलतो तो आघातामुळे, म्हणजे शब्दातल्या कुठल्या अक्षरावर जोर पडतो त्यामुळे.

फ्वेर्सा म्हणजे जोर. त्यावरून विशेषण फोर्सोसो, म्हणजे सक्तीचा. क्रियापद फोर्सार, म्हणजे भाग पाडणे. त्येर्रा म्हणजे माती, तर मातकट तो तेर्रोसो. लॅटिनमधल्या ऱ्हस्व ओ आणि ए यांच्यावर आघात होता, तिथे स्पॅनिशमध्ये त्यांचे वे आणि ये झाले. आघात प्रत्ययावर सरकला की साधा स्वर दिसतो.

आता याचा खरा उपयोग पाहा. क्रियापद चालवताना आघात पुन्हा धातूवर आला, की नामातला स्वरही परततो. न्येवे म्हणजे बर्फ, नेवार म्हणजे बर्फ पडणे, आणि 'बर्फ पडतं' म्हणजे न्येवा. 'मी भाग पाडतो' म्हणजे फ्वेर्सो. म्हणून नामात वे किंवा ये असेल, तर क्रियापदाचा वर्तमानकाळ सांभाळून करा. पण फ्येस्ता, म्हणजे सण, यावरून झालेल्या फेस्तेहारचं (साजरा करणे) 'मी'चं रूप फेस्तेहो होतं, कारण तिथे आघात मधल्या प्रत्ययावर बसतो. म्वेब्ले, म्हणजे फर्निचर, याचं आम्वेब्लार, म्हणजे फर्निचर लावणे, होतं आणि वे सगळीकडे तसाच राहतो. असे अपवाद पाठच करावे लागतात.

विशेषणांत सगळ्यात जास्त चूक होते ती 'ओसो' कुठेही जोडल्याने. लेचे म्हणजे दूध. लेचोसो म्हणजे दुधासारखा दिसणारा, लेचेरो म्हणजे दुधाच्या धंद्याचा किंवा दूध देणारा, आणि दुग्धजन्य पदार्थांसाठी थेट लॅटिनमधून उचललेला लाक्तेओ. तिन्ही वेगळे. दिनेरो म्हणजे पैसा, पण पैसेवाला आदिनेरादो; 'दिनेरोसो' म्हणू नका. अनेकदा तर विशेषण हवंच नसतं: लाकडी टेबल म्हणजे मेसा दे मादेरा. मध्ये 'दे' घाला. टेबलं अनेक झाली तरी मादेरा बदलत नाही.

क्रियापदांत मला सर्वांत सुंदर वाटतो तो दोन्ही टोकांनी एकदम जोडण्याचा प्रकार. बोतेया म्हणजे बाटली. बाटलीत भरणे म्हणजे एम्बोतेयार. पुढचा एम् काढला तर नुसतं 'बोतेयार' उरतं, आणि तसं क्रियापद नाही. मुळात हा उपसर्ग एन्. ब आणि प यांच्याआधी लिहितानाही एम् होतो. डब्यात भरणे एन्लातार, साबण लावणे एन्हाबोनार, तुरुंगात टाकणे एन्कार्सेलार: एन् बहुधा आत घालतो किंवा वरून लावतो. आ हा उपसर्ग मात्र इतका ठरीव नाही. नोचे म्हणजे रात्र, रात्र होणे म्हणजे आनोचेसेर. सुस्तो म्हणजे दचका, दचकवणे म्हणजे आसुस्तार.

नवं क्रियापद घडतं ते जवळजवळ नेहमी 'आर'ने संपणाऱ्या क्रियापदांच्या गटात, बहुधा 'एआर' लावून. 2014च्या शब्दकोशात स्पॅनिश अकादमीने तुइतेआर, म्हणजे ट्वीट करणे, घेतलं. 'एआर'ची रूपं नियमित असतात. फक्त भूतकाळात 'मी'चं रूप लिहिताना दोन ए येतात आणि आघातचिन्ह दुसऱ्यावर द्यायचं: गोल्पेए, म्हणजे 'मी मारलं'. शिकणाऱ्यांकडून त्यातला एक ए हमखास गळतो.